खाकास घर उभं करायचं तर आधी दार ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेच्या प्रदर्शनात ‘जगातली घरं’ या विषयात तुमच्या वर्गाकडे दक्षिण सायबेरियातले खाकास लोक आले आहेत. 15 बाय 15 फुटांची खोली मिळाली आहे. नेटवर मंगोलियन तंबूंचे आणि डफ घेतलेल्या शामानांचे (आत्म्यांशी बोलणाऱ्या पुजारी-वैद्यांचे) फोटो भरपूर सापडतात, पण खाकास घर म्हणून नेमकं काय उभं करायचं, आत काय कुठे ठेवायचं आणि मुलांना चाखायला काय द्यायचं, हे कळत नाही. शिवाय एका तंतुवाद्याचा फोटो पाठवून तुम्ही तिथल्या मैदानातल्या दगडी स्तंभांबद्दलही विचारलं आहे.

वस्तूंची यादी मी देतोच. पण अशा मांडण्या फसतात त्या वस्तू कमी पडल्यामुळे नाही. भिंतीला टेकून एक डफ, एक टोपी, एक तंतुवाद्य, एक वाटी अशा वस्तू ठेवल्या की त्यांचं एकमेकांशी नातंच दिसत नाही. खाकास घरात वस्तूची जागा दाराची दिशा आणि मधली चूल यांवरून ठरते, आणि घरातलं निम्मं काम दुधाभोवती चालतं. दार, चूल आणि दूध एवढं नीट बसलं की चार वस्तू कमी असल्या तरी घर उभं राहतं. म्हणून शामानापासून सुरुवात करू नका.

आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतील, कारण बाकीचं सगळं त्यांवर अवलंबून आहे. कोणते खाकास, कोणत्या काळातले आणि कोणत्या ऋतूतले? खाकास हे एकजिनसी नाव नाही. येनिसेई आणि आबाकान नद्यांच्या गवताळ मैदानातले खास (रशियन कागदपत्रांत काचिन), आबाकानच्या वरच्या खोऱ्यातले, आस्किझ आणि ताशतिप भागातले सागाय, उत्तरेकडचे खिझिल, शिवाय खोयबाल आणि पुढे सागायांत बऱ्याच अंशी मिसळून गेलेले बेल्तिर, असे हे गट आहेत. मैदानातल्यांचा भर मेंढ्या, घोडे आणि गाईंवर. डोंगर-जंगलाकडच्यांचा शिकार, देवदारासारख्या सायबेरियन पाइनचे दाणे आणि रानकंद यांवर जास्त. माझा सल्ला आहे की एकोणिसाव्या शतकाचा शेवट, मैदानी भाग आणि जून महिना धरा. त्या काळची वर्णनं आणि संग्रहालयातल्या वस्तू सगळ्यांत जास्त मिळतात, आणि जूनमध्ये घरात दूध वाहत असतं. हिवाळा निवडलात तर कत्तलीनंतरचं साठवणीचं मांस दाखवावं लागेल, ते शाळेत जमणार नाही.

आता घर. ‘युर्ट’ म्हटलं की नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाचा, गोल तंबू डोळ्यांसमोर येतो. खाकासांकडे तोही होता. घराला त्यांचा शब्द ‘इब’, आणि नमद्याचं घर म्हणजे ‘कीस इब’. पण एकोणिसाव्या शतकात मैदानी भागात लाकडी युर्ट, ‘आगास इब’, जास्त दिसू लागला. आडव्या ओंडक्यांच्या सहा, आठ किंवा त्याहून जास्त बाजूंच्या भिंती, वर निमुळतं छप्पर, त्यावर बर्च झाडाच्या सालीचे थर आणि माथ्यावर धूर जायला भोक. जमीन मातीची. अनेक कुटुंबांकडे हिवाळ्यासाठी रशियन धाटणीचं ओंडक्यांचं घर आणि उन्हाळ्यासाठी हा युर्ट, अशी दुहेरी सोय असे. तुम्ही आठकोनी लाकडी युर्ट करा. तंबू केलात तर बघणारा ‘मंगोलियन’ म्हणून पुढे जाईल. आठकोन दिसला की तो थांबेल आणि विचारेल.

मापं सोपी आहेत. पाच फूट रुंदीचे आठ पुठ्ठ्याचे किंवा प्लायचे पॅनेल जोडले की समोरासमोरच्या भिंतींमध्ये जवळजवळ बारा फूट अंतर मिळतं. पॅनेलची सपाट बाजू खोलीच्या भिंतीला समांतर ठेवलीत तर चारी बाजूंना दीड-दीड फूट मोकळी जागा राहते, फिरायला पुरते. सपाट बाजूऐवजी कोपरा भिंतीकडे केलात तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तेरा फूट होतात आणि मागून माणूस जाऊ शकत नाही, इथे बरेच जण अडकतात. पॅनेल साडेपाच फुटांहून उंच नको. खरी भिंतही फार उंच नसते, घराची उंची छपरामुळे येते. ओंडके दाखवायला पॅनेलवर आडव्या पट्ट्या रंगवा, उभ्या नकोत. उभ्या पट्ट्यांनी कुंपण दिसतं.

छपरावर बर्चची साल दाखवायची आहे. ही साल झाडावरून काढून बराच वेळ उकळत. उकळली की ती चामड्यासारखी मऊ होते, मग तिचे तुकडे शिवून मोठे पट्टे करत. कोरडी तशीच वापरली तर गुंडाळताना तडकते. तुम्हाला साल मिळणार नाही. जाड तपकिरी कागदाची आतली बाजू पांढरट रंगवा, दुमडीवर ती थोडी दिसू द्या आणि शिवणीचे मोठे टाके मारा. तेवढं पुरतं.

दार. इथे सगळ्यांत मोठी चूक होते. मंगोलियन घराचं दार दक्षिणेला असतं, खाकास घराचं पूर्वेला, सूर्योदयाकडे. मंगोलियन घराचा नकाशा उचलून खाकास घरात लावला की दिशा एका चतुर्थांशाने फिरतात. म्हणजे फलकावर ‘पश्चिमेची बाजू पुरुषांची’ असं छापलं तर ते मंगोलियासाठी बरोबर आणि इथे चूक. खाकास घरात दक्षिणेची बाजू पुरुषांची आणि उत्तरेची स्त्रियांची. दारातून आत पाऊल टाकलं की डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, हे दोन्हीकडे सारखंच राहतं. म्हणून खोलीचं दार पूर्वेला नसेल तर दिशांची नावं लिहूच नका, ‘आत शिरताना डावीकडे’ असं लिहा. आणि शक्य असेल तर होकायंत्र लावून पॅनेलमधलं दार पूर्वेला वळवाच. मुलांना ते आवडतं.

उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, तो ओलांडायचा. हे तुमच्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

दारासमोरची, चुलीपलीकडची पश्चिमेची जागा मानाची. तिथे वडीलधारे आणि पाहुणे बसतात. त्या भिंतीला लागून रंगवलेल्या लाकडी पेट्या ओळीने ठेवतात. पेटीला ‘आब्दिरा’ म्हणतात. पेट्यांवर घडी घातलेले नमदे, गाद्या, पांघरुणं रचतात, आणि ही रास किती उंच यावर घराची ऐपत दिसते. इथे तुमच्या घरातल्या दोन जुन्या पत्र्याच्या ट्रंका कापडाने झाकून चालतील. डाव्या बाजूला खोगीर, लगाम, दोर, कुऱ्हाड, शिकारीचं सामान. उजव्या बाजूला फळ्यांची मांडणी, त्यावर लाकडी वाट्या, बर्चच्या सालीचे डबे, दुधाची लाकडी भांडी, पलीकडे पडदा लावलेला पलंग. स्टीलची भांडी ठेवू नका. लाकडी नसतील तर मातीची ठेवा आणि फलकावर तसं सांगा.

जमिनीवर नमदा हवा. इथे एक फरक लक्षात घ्या: घोंगडं विणलेलं असतं, नमदा विणत नाहीत. लोकर पिंजून थर लावतात, पाणी शिंपडून गुंडाळतात आणि दाबून दाबून तिचं कापड करतात. आपल्याकडे धनगरांकडचं जेन त्याच पद्धतीचं असतं. ते मिळालं तर घोंगड्यापेक्षा ते अंथरा, कारण मुलांना हात लावून फरक कळतो.

चूल मध्यभागी, थेट धुराच्या भोकाखाली. जमिनीवर आग आणि तिच्यावर तीन पायांची लोखंडी तिवई, तिवईवर कढई. कढईला ‘खझान’ म्हणतात. खोलीत आग पेटवायची नाही हे उघडच आहे. चार लाकडं चांदणीसारखी रचा आणि खाली पिवळा दिवा ठेवा. पण चुलीजवळ फलक हवाच, कारण खाकासांच्या दृष्टीने आग ही वस्तू नव्हे. ती ‘ओत इने’, अग्निमाता. घरात काही शिजलं की पहिला घास, चरबीचा किंवा लोण्याचा तुकडा, तिला देतात. आगीत थुंकायचं नाही, केर टाकायचा नाही, सुरी किंवा टोकदार वस्तूने निखारे ढोसायचे नाहीत, आग ओलांडायची नाही. ढोसू नये याचं कारणही सरळ सांगतात: तिला इजा होईल. हा एक नियम मुलांना सांगितलात तर शामानाच्या दहा फोटोंपेक्षा जास्त कळेल.

आतापर्यंतचं काम या क्रमाने करा: पूर्व शोधा, दार लावा, मध्यभागी चूल मांडा, दारासमोर पेट्या, डावीकडे खोगीर, उजवीकडे भांडी. हा क्रम बदललात तर दर वेळी पेट्या उचलून हलवाव्या लागतात.

आता दूध, कारण उजव्या बाजूच्या त्या भांड्यांना काम हवं.

पहिलं आयरान. तुर्की उपाहारगृहात मिळणाऱ्या खारट पेयाचं नाव तेच असलं तरी हे ते नव्हे. खाकास आयरान गाईच्या साय काढलेल्या दुधाचं. मोठ्या लाकडी भांड्यात जुन्या आयरानचं विरजण घालून ते काही दिवस आंबवतात, रोज नवं दूध घालतात आणि लाकडी दांड्याने पुनःपुन्हा ढवळतात. त्यात दह्याचे जिवाणू असतात तसं यीस्टही असतं, त्यामुळे त्याला किंचित फेस आणि हलका मद्यार्क येतो. ढवळलं नाही तर वर घट्ट थर बसतो, खाली पाणी सुटतं आणि आंबणं एकसारखं होत नाही. आपलं ताक दही घुसळून लोणी काढल्यावर उरतं. आयरानमध्ये साय आंबवण्याआधीच निघालेली असते. शाळेत यीस्टवालं आयरान देऊ नका. साय काढलेल्या दुधाचं पातळ दही रवीने फेटा, मीठ-जिरं घालू नका, आणि ‘आयरानच्या जवळची चव’ असं लिहा.

आयरानपासून उन्हाळ्यात सौम्य दारू काढतात, तिला ‘आराघी’ म्हणतात. ती तुम्ही करायची नाही, पण ऊर्ध्वपातनाचं साधं चित्र विज्ञानाच्या मास्तरांना नक्की आवडेल. कढईत आंबलेलं आयरान, वर लाकडी झाकण, झाकणाच्या सांधी चिखलासारख्या लगद्याने लिंपलेल्या, झाकणातून निघणारी वाकडी लाकडी नळी आणि नळीचं दुसरं टोक गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. सांध फुटली तर वाफ निसटते आणि हाती काही लागत नाही. आग मोठी झाली तर दूध तळाला लागतं आणि दारूला करपट वास येतो. बाहेरचं पाणी कोमट झालं की वाफ थिजत नाही, म्हणून ते बदलत राहावं लागतं. या कामातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते पुढचं: कढईत उरलेला चोथा टाकून देत नाहीत. तो गाळून, दाबून, वाळवून त्याचं ‘खुरुत’ करतात. हे कडक, आंबट तुकडे हिवाळ्यात रश्शात घालायला किंवा चघळायला येतात. एका दुधातून साय, पेय, दारू आणि साठवणीचं अन्न, चार गोष्टी निघाल्या. फलकावर याची साखळी काढा.

चाखायला द्यायला तीन पदार्थ सुचवतो.

पिझलाख हे दाबलेलं चीज. चार लिटर गाईचं दूध उकळी येईपर्यंत तापवा, मग आच मंद करून एक लिटर आंबट पातळ दही धारेने घाला. फाटलं की कापडात बांधा आणि वजनाखाली दोन-तीन तास ठेवा. सहाशे ग्रॅमच्या आसपास मिळेल. पनीरपेक्षा वेगळं काय? ते चपटं, घट्ट दाबतात आणि काप करून वाळवतात किंवा धुरावर धरतात. दही एकदम ओतलंत तर गुठळ्या रबरी होतात. पुरेसं आंबट नसेल तर दूध नुसतं दाटतं, निवळी हिरवट-स्वच्छ होत नाही. निवळी दुधाळ दिसली तर अजून दही घाला.

तालघान म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ. सातूचं पीठ खाल्लेल्याला हे ओळखीचं वाटेल, फक्त यात गहू-डाळ नसते. मूठ-मूठ जव जाड कढईत मध्यम आचेवर, तडतडून तपकिरी होईपर्यंत भाजा. एकदम किलोभर टाकलात तर खालचे करपतात आणि वरचे कच्चे राहतात. कांडून, पाखडून, जाडसर दळा. पारंपरिक घरात कांडायला लाकडी उखळ आणि दळायला हातजातं असतं. पीठ फार बारीक केलंत तर टाळूला चिकटतं. दोन वाट्या पिठाला एक वाटी लोणी किंवा घट्ट साय आणि चवीपुरता मध घालून लहान गोळे वळा. हे सकाळी करून ठेवता येतात, म्हणून प्रदर्शनासाठी हाच पदार्थ सोयीचा.

पोतखी सणाची आणि पाहुण्यांची. आंबट, घट्ट साय मंद आचेवर तापवायची, दोन ते तीन मोठे चमचे पीठ अर्ध्या किलो सायीला हळूहळू भुरभुरायचं, चिमूटभर मीठ घालायचं आणि लाकडी उलथन्याने सतत एकाच दिशेने ढवळायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी बाजूंनी लोणी सुटू लागतं आणि मधे मऊ लापशी राहते. लोणी सुटणं हीच झाल्याची खूण. पाकिटातली पातळ क्रीम घेतलीत तर लोणी सुटतच नाही. पीठ जास्त पडलं की खळ होते. आच मोठी झाली की साय फाटून रवाळ होते. खायची गरम. गार झाल्यावर वर चरबी थिजते आणि मुलं तोंड वाकडं करतात, म्हणून प्रदर्शनाच्या वेळी करणारा माणूस तिथे हवा. अर्धा किलो वीसेक मुलांना चमचा-चमचा पुरेल.

दूध कळलं की तुन पायराम हा सण आपोआप कळतो. ‘तुन’ म्हणजे पहिलं. हिवाळी मुक्कामावरून उन्हाळी कुरणावर आल्यावर, नवं गवत खाल्लेल्या गाईंच्या दुधाचं पहिलं आयरान झालं की तो सण. बर्चला आणि घोडे बांधायच्या खांबाला आयरान शिंपडतात, अग्नीला देतात, सूर्याच्या दिशेने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेने फेरी घेतात. मग घोड्यांच्या शर्यती, कुस्ती, जड दगड उचलणं. हा सण सोव्हिएत काळात मागे पडला आणि विसाव्या शतकाच्या शेवटाकडे पुन्हा सार्वजनिक रीतीने साजरा होऊ लागला. दुसरा मोठा दिवस चिल पाझी, ‘वर्षाचं डोकं’, 22 मार्चच्या सुमारास, दिवस-रात्र समान होतात तेव्हा. त्या दिवशी काळ्या पट्टीला गाठी मारून वर्षभराची दुखणी आणि रुसवे तिच्यात बांधतात आणि ती आगीत जाळतात. पांढऱ्या, लाल, निळ्या पट्ट्या बर्चला बांधतात, त्यांना ‘चालामा’ म्हणतात. ‘इरबेन’ या रानवनस्पतीच्या धुराने शुद्धी करतात. इरबेन म्हणजे थाइम. वाळलेली पानं बाजारात मिळतात. ओव्यात असतो तोच थायमॉल तिच्यातही असतो, त्यामुळे वास मुलांना जवळचा वाटेल. ती जाळू नका, वाटीत ठेवा आणि चोळून वास घेऊ द्या. चालामा खोलीत झाडाच्या फांदीला बांधायला हरकत नाही, पण ‘इच्छा मागा’ असा खेळ करू नका. ज्यांची ही उपासना आजही चालू आहे त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

कपड्यांत एकच गोष्ट करायची तर पोगो करा. हा विवाहित स्त्रीचा छातीवरचा दागिना, लग्नात, विशेषतः वराकडून बोलणी करणाऱ्या मानाच्या स्त्रीच्या अंगावर दिसणारा. आकार अर्धचंद्रासारखा, वरची दोन टोकं गोलसर, आणि खाली मण्यांच्या सरांची झालर. तळ चामड्याचा किंवा जाड कापडाचा. त्यावर शिंपल्याची मोठी पांढरी बटणं, प्रत्येक बटणाभोवती पोवळी आणि मणी घट्ट ओळींत, आणि मधल्या जागेत मण्यांची वेलबुट्टी. पोवळं समुद्रातलं, आणि खाकासांच्या मैदानापासून समुद्र हजारो किलोमीटर दूर. म्हणून ते महाग होतं आणि पोगो मुलीकडे, सुनेकडे जपून जाई. करताना आधी बटणं पक्की शिवा, मग त्यांच्याभोवती मणी लावा. उलट केलंत तर मण्यांच्या ओळी बटणाखाली दबतात आणि वर्तुळ तिरकं होतं. तळ मऊ कापडाचा घेतलात तर मण्यांच्या वजनाने टोकं खाली वळतात, त्यामुळे आत पुठ्ठा घाला. नक्षीत डोळे, सूर्य, चंद्र दिसतात असं बरंच वाचाल. फलकावर अर्थ लिहिण्यापेक्षा कोण, कधी, कशाचं घालतं ते लिहा. ते पक्कं आहे.

केसांवरूनही एक फलक होतो. अविवाहित मुलीच्या अनेक बारीक वेण्या, ‘सुरमेस’, लग्नात सोडून दोन जाड वेण्या घालतात, त्या ‘तुलुंग’. नातेसंबंधांत ‘सोक’ हा शब्द घ्या. त्याचा अर्थ हाड, आणि तो कुळासाठी वापरतात. एका सोकमध्ये लग्न करत नाहीत. सगोत्र विवाहाच्या बंदीशी मुलं लगेच जोडून घेतील, तरी दोन्ही एकच आहेत असं म्हणू नका.

तंतुवाद्य म्हणून ज्याचा फोटो तुम्ही पाठवलात ते चातखान. सुमारे दीड मीटर लांब, अरुंद लाकडी पेटी, जुन्या प्रकारात खालून उघडी, म्हणजे पालथ्या डोणीसारखी. तारा परंपरेने सहा-सात, आजच्या वाद्यांवर जास्त. प्रत्येक तारेखाली तिची स्वतंत्र घोडी असते आणि ती मेंढीच्या घोट्याच्या हाडाची. हेच हाड मुलं खेळायलाही वापरतात. घोडी सरकवली की सूर बदलतो. उजव्या हाताने तार छेडतात आणि डाव्या हाताने घोडीच्या पलीकडची तार दाबतात, त्यामुळे सूर मींडेसारखा वाकतो. प्रतिकृती करताना सगळ्या घोड्या एका सरळ रेषेत चिकटवू नका. त्या तिरक्या, वेगवेगळ्या अंतरावर असतात, आणि सरळ रेषेत लावल्या तर वाद्य कसं चालतं हेच लपतं.

चातखानवर जे गातात ते ‘खाय’, गळ्यातून काढलेला खोल घोगरा स्वर, आणि गाणारा ‘खायजी’. वीरगाथेला ‘आलिपतिघ निमाख’ म्हणतात. खायजी एक भाग खायमध्ये गातो, मग तोच साध्या बोलीत सांगतो, आणि असं रात्रभर, कधी अनेक रात्री चालतं. गाथा मधे तोडायची नाही, आखडायची नाही, असा दंडक. शिकारी जंगलात जाताना खायजीला बरोबर नेत, कारण डोंगराच्या धन्याला, ‘ताघ ईझी’ला, गाथा आवडतात आणि खूश झाला की तो शिकार देतो. या गाथांत लढणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. ‘आलतिन आरिघ’ ही त्यांतली नावाजलेली नायिका. विसाव्या शतकातल्या खायजींमध्ये सेम्योन कादिशेव यांचं नाव पहिलं घेतलं जातं. ध्वनिमुद्रण लावायचं तर एक पूर्ण तुकडा लावा, पार्श्वसंगीतासारखं मंद वाजवू नका.

आता शामान. त्यांच्या भाषेत ‘खाम’, डफ ‘तूर’. तो दाखवायचा का? माझं मत: मुलाला पिसं लावून नाचवू नका. 1920 आणि 30 च्या दशकांत सोव्हिएत राजवटीने शामानांचा छळ केला, डफ काढून घेतले, त्यातले कित्येक संग्रहालयांत गेले. त्याआधी रशियन चर्चने मोठ्या प्रमाणावर बाप्तिस्मे केले होते. 1876 मध्ये आस्किझला एकाच वेळी तीन हजारांवर लोकांचा बाप्तिस्मा झाला. म्हणून आजचे खाकास कागदोपत्री बरेचसे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत, आणि तरीही अग्नीला घास देतात. हे दोन वाक्यांत लिहा, ते नाचापेक्षा खरं आहे.

दगडी स्तंभांबद्दलही विचारलंत. मैदानात उभे असलेले चेहऱ्यांचे दगड कांस्ययुगातल्या ओकुनेव संस्कृतीचे, चार हजार वर्षांच्या आसपासचे. खाकासांनी ते घडवले नाहीत, पण ते त्यांना पूज्य आहेत. त्यांतला उलुघ खुर्तुयाख तास, ‘थोर म्हातारीचा दगड’, गर्भवती स्त्रीच्या आकाराचा आहे. अपत्य मागायला स्त्रिया त्याच्याकडे येतात, त्याला खाऊ घालतात. 1954 मध्ये तो उचलून आबाकानच्या संग्रहालयात नेला आणि 2003 मध्ये मूळ जागी, आस्किझ भागातल्या आन्खाकोव गावाजवळ परत आणला. त्याचा फोटो घराबाहेर लावा, घरात नको. तो मैदानातला आहे.

राहिलं नाव आणि आज. ‘खाकास’ हे नाव 1917 च्या रशियन क्रांतीनंतर, जुन्या चिनी बखरींतल्या येनिसेई किरगिझांच्या (याच खोऱ्यातल्या जुन्या लोकांच्या) उल्लेखावरून घेतलं गेलं. त्याआधी रशियन त्यांना मिनुसिन्स्क तातार म्हणत, आणि ते स्वतःला आजही ‘तादार’ म्हणतात. 1930 मध्ये स्वायत्त प्रांत झाला, 1991 पासून खाकासिया रशियातलं प्रजासत्ताक आहे, राजधानी आबाकान. 2010 च्या जनगणनेत रशियाभर सुमारे 73 हजार खाकास होते, आणि स्वतःच्या प्रजासत्ताकात जेमतेम 12 टक्के. भाषा तुर्की कुळातली. 1929 ते 1939 रोमन लिपीत, त्यानंतर सिरिलिकमध्ये लिहिली जाते. युनेस्कोच्या यादीत ती धोक्यात आलेल्या भाषांमध्ये आहे. म्हणून दाराबाहेर एक फोटो आबाकानच्या आजच्या रस्त्याचा, फ्लॅटच्या इमारतींचा लावा. नाहीतर मुलं समजतील की हे लोक अजून याच आठकोनात राहतात.

त्याच फलकावर तिथल्या खाकास भाषेतल्या वर्तमानपत्राचं नाव लिहा: ‘खाबार’. अरबीतून तिकडे गेलेला तोच शब्द आपल्याकडे खबर म्हणून आला. देवासाठीचा त्यांचा ‘खुदाय’ही फारसीतून असाच पोचलेला. आणि दारात उभ्या राहणाऱ्या मुलाला अभिवादन शिकवून ठेवा: एकट्या पाहुण्याला ‘इझेन’, अनेक जण आले तर ‘इझेन्नेर’.